मामांची डावी बाजू

मामा तंबाखू फक्त डाव्या गालात ठेवत. ही गोष्ट ते लपवत तर नसतच, उलट नवीन माणूस भेटला की त्याचं नाव विचारायच्या आधी ही माहिती देत. मी त्यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा माझ्या हातात विभागप्रमुखांची चिठ्ठी होती. दंतवैद्यकाचं पुढचं शिक्षण घ्यायला मी नुकतीच औरंगाबादला आले होते. तंबाखू आणि हिरड्यांचा आजार हा माझ्या प्रबंधाचा विषय. त्यासाठी रुग्णांच्या दातांवरचा थर खरवडून काढायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचा होता, आणि मायक्रोस्कोप मामांच्या ताब्यात होता. मामांनी चिठ्ठी वाचली, चार घड्या घालून खिशात ठेवली आणि खिडकीपाशी उजेडात जाऊन तोंड उघडलं.

"बघा," बोटानं गाल ओढत ते म्हणाले, "ही डावी. धा वर्षं झाली, तंबाखू फक्त हितं. आता ही उजवी. इकडं चिमूटभर सुद्धा नाय. माणूस एक, पाणी एक, बायकोच्या हातचं जेवण एक. फरक बघा आन् मग बोला."

मी पाहिलं. डावीकडं खालच्या दाढांची मुळं निम्मी उघडी पडली होती. त्यांच्याजवळची हिरडी पांढुरकी, सुरकुतलेली, भिजवून वाळवलेल्या चामड्यासारखी. उजवी बाजू अगदी पुस्तकातल्या चित्रासारखी नव्हती, पण त्यामानानं खूप बरी होती.

"असा नमुना तुमाला पुण्यात नाय मिळायचा," मामा म्हणाले, तोंड मिटलं आणि मला मायक्रोस्कोपची किल्ली दिली.

ते लॅबमधले टेक्निशियन. पन्नाशी उलटलेले, किडकिडीत, डोक्यावर पांढरी टोपी. कॉलेजात शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. हे एका गालाचं प्रकरण कसं सुरू झालं ते त्यांनी पुढं सांगितलं. एक जुने प्राध्यापक वर्गात म्हणाले होते, तंबाखूचा परिणाम नीट बघायचा तर एकाच तोंडात एक बाजू तंबाखूची आणि एक बाजू बिनतंबाखूची हवी. पण असा माणूस आणायचा कुठून? मामा तेव्हा मागं नळावर काचपट्ट्या धूत होते. तोवर त्यांना कुठलाही गाल चालायचा. त्या दिवसापासून त्यांनी उजवा गाल रिकामा केला. महिन्याभरानं ते प्राध्यापकांपुढं उभे राहिले तेव्हा सरांनी कपाळाला हात लावला.

"अहो मामा, सोडायचीच होती तर पूर्ण सोडायची!"

"मग तुमच्या पोरांना दाखवणार काय?" मामा म्हणाले.

खरं तर हा प्रयोग शास्त्राच्या कसोटीला उतरणारा नव्हता. तंबाखू एका गालात ठेवली तरी तिचा अर्क रक्तात मिसळतो आणि दोन्हीकडं पोचतो. हे त्यांना अनेकांनी सांगितलं होतं. मामा मान डोलवत आणि म्हणत, "थोडी गळती कोणत्या पाइपात नसती?"

दर वर्षी नव्या वर्गाला मामांचं तोंड दाखवलं जाई. त्या दिवशी ते टोपी धुऊन घालून येत. खुर्चीत बसत, डोकं मागं टेकत, आणि पोरांचे आरसे आणि सळया तोंडात असतानाही बोलत राहत. काय बोलत ते कळत नसे. सळई बाहेर आली की तेच पुन्हा पहिल्यापासून बोलत.

एका वर्षी एका मुलानं त्यांच्या डाव्या हिरडीत सळई घातली. दाताच्या आणि हिरडीच्या मधली फट खोल होती, सळई चांगली आत गेली. त्यानं बाहेर काढून पाहिली आणि म्हणाला, "रक्त नाही आलं. म्हणजे हिरडी चांगली आहे ना?"

मामा ताडकन उठून बसले. त्यांना रागावलेलं मी फार कमी वेळा पाहिलं. "हेच!" ते म्हणाले. "हितंच फसतेत सगळे. आजारी हिरडीतून रक्त यायला पायजे. ती ओरडायला पायजे. तंबाखू तिच्या रक्ताच्या नळ्या आवळून धरती. घरात चोर शिरलाय आन् कुत्र्याचं तोंड बांधलंय. बाहेरून वाटतं, काय शांत घर हाय!"

पुढं मी कित्येक वर्षं शिकवलं, पण हा मुद्दा याहून सोपा करून सांगणं मला जमलं नाही.

जंतूंशी त्यांचं वागणं घरातल्या माणसांशी असावं तसं होतं. कुणी "घाण" म्हटलं की त्यांना खपत नसे. "घाण कशाला? ते ऱ्हातेत. आपण जागा दिली म्हणून ऱ्हातेत." मायक्रोस्कोपखाली काळ्या पार्श्वभूमीवर चमकणारे ते जिवंत ठिपके बघताना ते मला एकेकाची ओळख करून देत. निरोगी हिरडीजवळ गोल गोल, जागच्या जागी असणारे जास्त. ते मामांचे 'बसणारे'. हिरडी बिघडत गेली की लांबट, इकडून तिकडं धावणारे वाढतात; ते 'पळणारे'. आणि सगळ्यात खोल फटीत, जिथं हवा पोचत नाही तिथं, स्प्रिंगसारखे वळवळणारे; त्यांना ते 'पिळाचे' म्हणत. "पिळाच्याला वारं सोसत नाय," ते सांगत. "तंबाखूनं रक्त आटतं, वारं आटतं. त्येला आयतं घर मिळतं." माझ्या प्रबंधात हीच गोष्ट चाळीस पानांत आहे.

स्वतःच्या तोंडाची टिपणं ते एका वहीत लिहीत. ती उर्दूत होती. त्यामुळं कॉलेजात फार थोड्यांना वाचता येत असे. मामा पैठण तालुक्यातले, घरी बोलणं मराठी, पण निजामाच्या अमलात शाळा उर्दू. ते तिसरीत असताना पोलीस ॲक्शन झालं आणि पुढं शाळेचा फळा मराठी झाला. "माझी अक्षरं उजवीकडून डावीकडं जायची," ते म्हणत, "ती मास्तरनी उलटी फिरवली. सरकारी लिहिणं फिरलं. मनातलं नाय फिरलं." तेव्हापासून लॅबचं रजिस्टर मराठीत आणि स्वतःचं उर्दूत, असा त्यांचा रिवाज होता.

"बघितल्याबिगर बोलायचं नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पोरं परीक्षेत ठोकताळे लिहीत, प्राध्यापक ऐकीव बोलत, मामा सगळ्यांना हे एकच वाक्य ऐकवत. पुढं याच वाक्यानं ते अडचणीत आले, आणि ते माझ्यामुळं.

माझा प्रबंध पुरा झाला तेव्हा त्यांनी मला हुरड्याला बोलावलं. त्यांचं घर पडेगावला, दौलताबादच्या रस्त्यापासून थोडं आत. मागं भावाचा ज्वारीचा तुकडा होता. धाकटा मुलगा चिकलठाण्याच्या कारखान्यात होता, त्या दिवशी सुटी घेऊन आला होता. गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजली जात होती, मुलगा ती हातावर चोळून गरम दाणे आमच्यापुढं टाकत होता. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. मामी सारख्या आत-बाहेर करत होत्या. ठेंगण्या, हसऱ्या, पण हसताना पदर तोंडावर. बायका पदर घेतातच, म्हणून मला त्यात काही वाटलं नाही.

"मामी, तुम्ही पण बसा ना," मी म्हणाले.

"तुमचं होऊ द्या. मी मागून खाते," मामी म्हणाल्या.

थोड्या वेळानं मी हात धुवायला मागच्या दाराशी गेले. मामी न्हाणीच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. पुढ्यात छोटा खलबत्ता. त्यात त्या हुरड्याचे दाणे कुटत होत्या, आणि झालेला लगदा दुधात कालवून चमच्यानं खात होत्या. मला बघून त्यांनी वाटी पदराखाली घेतली.

मी त्यांच्याजवळ उकिडवी बसले. "मामी, चावता येत नाही का?"

त्यांनी आधी घराकडं बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "हलतेत."

"किती दिवस झाले?"

"धाकटा पाचवीत व्हता तवापासून."

आता तो बावीस-तेवीस वर्षांचा होता.

मी तोंड उघडायला सांगितलं. त्या लाजल्या, पण उघडलं. खालचे पुढचे दात जिभेच्या धक्क्यानं हलत होते. वरच्या तीन दाढा नव्हत्या. हिरडी काळपट, आकसलेली, आणि कोरडी असावी तशी शांत. रक्ताचा मागमूस नाही. न्हाणीच्या कोनाड्यात पत्र्याची एक डबी होती. ती काय आहे हे विचारायची गरज नव्हती. तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखूची पूड, मिश्री.

"पहिल्या बाळंतपणात दात ठणकायचे, तवा सासूबाईंनी दिली," मामी म्हणाल्या. "लावली की ठणका थांबतो. दिवसातून चारदा लागती. पन मला कसलाच आजार नाय हां, पोरी. रक्ताचा थेंब येत नाय कधी."

"मामांना माहीत आहे?"

"मिश्रीचं? सगळ्याच बायका लावतेत. त्यात काय माहिती असायचं?"

"दात हलतात ते."

त्यांनी चमचा वाटीत ठेवला. मग म्हणाल्या, "त्यांना नका सांगू. त्यांना कॉलेजात केवढी कामं. जगाची तोंडं बघायची असतेत त्यांना."

यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी त्या दिवशी काही बोलले नाही. पण सोमवारी लॅबमध्ये गेले आणि सांगितलं. सांगावं की नाही यावर रविवारभर विचार केला होता. तरी सांगताना शब्द वेडेवाकडेच आले.

मामा काचपट्ट्या धूत होते. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी धुतलेल्या पट्ट्या पुन्हा धुवायला घेतल्या. पाठमोरेच म्हणाले, "तीस वर्षं झाली लगीन होऊन. ती माझ्यासमोर जेवली नाय कधी. मला वाटायचं, रीत हाय." नळ बंद करून त्यांनी हात पुसले. "आन् मी पोरांना सांगतो, बघितल्याबिगर बोलायचं नाय."

त्या संध्याकाळी घरी काय झालं ते मला त्यांच्याच तोंडून कळलं. त्यांनी मामींना हुकूम सोडला, उद्यापासून डबी बंद. मामींनी भाकरी थापायची थांबवली नाही. म्हणाल्या, "तुमची बंद करा आधी. मग माझ्या डबीला हात लावा."

मामा मला हे सांगताना खरोखर गोंधळले होते. "मॅडम, ती म्हणती ते बराबर हाय. पन माझं सुटलं तर नमुना गेला. धा वर्षांचा." ते डावा गाल चोळत होते. "पुढच्या वर्गाला काय दाखवायचं?"

"चित्र दाखवू," मी म्हणाले.

"चित्र," मामा म्हणाले. त्या एका शब्दात त्यांनी माझी सगळी पदवी मोडीत काढली.

आठवडाभर ते विचारात होते. मग एका सकाळी चुन्याची डबी आणि तंबाखूची पुडी दोन्ही माझ्या टेबलावर आणून ठेवली. "हे ठेवा तुमच्याकडं. मी मागितली तरी देऊ नका." त्यांनी मागितली नाही. पहिले काही दिवस चिडचिड केली, दोन काचपट्ट्या फोडल्या, चहा इतका प्यायले की कँटीनवाला चौकशी करायला आला. पण मागितली नाही. घरी मामींनीही डबी कोनाड्यातून उचलून माळ्यावर टाकली.

पुढं जे झालं ते मला आधी कळायला हवं होतं. तो माझाच विषय होता.

तीनेक आठवड्यांनी मामा लॅबमध्ये आले ते तोंडाला रुमाल लावून. रुमालावर लाल डाग होते. "घासताना येतंय. चूळ भरली की पाणी लाल," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "दोन्हीकडून येतंय, मॅडम. उजवीकडून बी."

"मामा, तुम्हीच तर पोरांना सांगता. नळ्या आवळलेल्या होत्या, त्या सुटल्या. आजार होताच, तो आता दिसतोय इतकंच."

"ते ठाऊक हाय." ते स्टुलावर बसले. "पन सांगणं येगळं आन् आपलं रक्त बघणं येगळं." मग खाली बघत म्हणाले, "तिला बी आलं. तिनं डबी काढली परत."

मी त्याच दिवशी त्यांच्याबरोबर पडेगावला गेले. मामी दारातच होत्या. मला बघून त्यांनी नेहमीसारखा पदर तोंडावर घेतला नाही. "या. बघा तुमचं ऐकल्यानं काय झालं ते. इतक्या वर्षांत थेंब नव्हता. सोडली आन् तोंड रक्तानं भरलं. आता परत लावली, दोन दिसांत थांबलं. मग मिश्री वाईट का तुमचं सांगणं वाईट?"

मी त्यांना समजावलं. सोडल्यावर बऱ्याच जणांचं असं होतं, घाबरण्यासारखं नसतं, दात नीट साफ करून घेतले की रक्त हळूहळू थांबतं, आणि त्या वेळी ते खरंच थांबतं. मिश्रीनं थांबतं ते नुसतं झाकलं जातं.

मामींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे तुमाला आधी ठाऊक व्हतं?"

"हो."

"मग आधी का नाय सांगितलं?"

मामा माझ्याकडं बघत होते. मी प्रबंधात त्यावर पान लिहिलं होतं आणि समोरच्या बाईला ते सांगायचं विसरले होते. "चुकलं माझं, मामी," मी म्हणाले.

त्यांनी पदर कमरेला खोचला. "जेवून जा," त्या म्हणाल्या, आणि उठताना म्हणाल्या, "सोमवारी येते मी. तुमच्या त्या खुर्चीत."

सोमवारी मामी नवं लुगडं नेसून आल्या. मामा त्यांना विभागाच्या दारापर्यंत घेऊन आले आणि तिथंच थांबले. आत दिवा लावला, मामी खुर्चीत आडव्या झाल्या, तरी मामा उंबऱ्यावरच. शेवटी मामीच म्हणाल्या, "या की आत. का माझंच तोंड वर्ज्य हाय?"

मामा आले. माझ्या हातातला आरसा त्यांनी मागून घेतला. त्यांनी बायकोच्या तोंडात पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिले. डावी बाजू, उजवी बाजू, वरचे, खालचे. आरशावर दोनदा वाफ धरली तरी त्यांनी पुसली नाही. मग खालच्या दातांच्या फटीतून त्यांनी स्वतः थोडासा थर काढला, काचपट्टीवर घेतला, थेंबभर पाणी टाकलं आणि लॅबकडं निघाले. आम्ही दोघी मागून गेलो.

त्यांनी मायक्रोस्कोप लावून दिला आणि बाजूला झाले. मामींनी एक डोळा मिटायला बराच वेळ घेतला. मग एकदम मान मागं घेतली, पुन्हा वाकून पाहिलं.

"एवढे?" त्या म्हणाल्या. "आन् एवढं कशापायी पळायलेत?"

"त्यांचं तेच काम," मामा म्हणाले.

"हे वळवळतेत ते?"

"पिळाचे. त्यांना वारं नको असतं, बंद घर लागतं."

मामी नळीला डोळा लावूनच होत्या. "आन् ते घर मी बांधून देत व्हते."

"दोघांनी मिळून," मामा म्हणाले. "मी माझं लोकांना दाखवत फिरलो. तुझं बघितलंच नाय."

मामींनी मिश्री पुन्हा सोडली. सात दात मात्र काढावे लागले. बाकीचे वाचले. हिरडीखाली साचलेलं सगळं खरवडून काढायला पाच-सहा खेपा लागल्या, आणि प्रत्येक खेपेला त्यांनी मला, "आज किती रक्त यील ते आधी सांगून ठेवा," असं बजावलं. मी सांगत गेले. मामांच्या डावीकडच्या दोन दाढा गेल्या. वर्षभरानं काढलेल्या एक्स-रेत त्यांचं हाड होतं तेवढंच होतं, आणखी झिजलं नव्हतं. पण गेलेलं भरूनही आलं नव्हतं. मामा तो एक्स-रे उजेडाला धरून म्हणाले, "गेलं ते गेलं. राहिलं त्येला सांभाळू."

त्या वर्षी नव्या वर्गाला त्यांचं तोंड दाखवलं गेलं नाही. मामांना ते लागलं असेल. त्याऐवजी घरी एक नवाच प्रकार सुरू झाला होता. रोज सकाळी दात घासून झाले की दोघं दारात उजेडाला येत. मामी तोंड उघडत, मामा बघत. मग मामा उघडत, मामी बघत. शेजारचे हसत. मामा त्यांनाही उजेडात बोलावत.

या सगळ्याचा परिणाम असा झाला, की एका सकाळी बाह्यरुग्ण विभागात मला कालवा ऐकू आला. बाहेर येऊन बघते तर पडेगावच्या अकरा बायका. एका टेम्पोत बसून आल्या होत्या. पुढं मामी, आणि सगळ्यांच्या मागं पाण्याचं भांडं घेऊन मामा. बाकांवर बसवून मामी त्यांना सांगत होत्या, "मिश्री सोडली की रक्त यील. आत्ताच सांगते, मागून मला बोलायचं नाय. ते आधीचंच हाय, झाकलेलं. भ्यायचं नाय, आन् त्या भ्यानं परत लावायची नाय. कळलं?"

"व्हय," बायका म्हणाल्या.

प्रत्येकीला आपले जंतू बघायचे होते. लॅबसमोर रांग लागली. मामा एकेकीचं नाव विचारून पट्टी लावून देत होते. मधेच माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मॅडम, धा वर्षं मी गाल ओढून पोरांना दाखवला. बघणाऱ्यातल्या एकानं बी तंबाखू सोडल्याचं मला ठाऊक नाय. हिनं सहा महिन्यांत टेम्पो भरला." त्यांच्या आवाजात थोडं दुखलेलंही होतं, पण अभिमान त्याहून जास्त होता. त्या अकराजणींपैकी पाचजणींची कायमची सुटली. दोघी पुन्हा आल्याच नाहीत. बाकीच्यांचं सोडणं-धरणं चालू राहिलं. मामींनी कुणाचाच नाद सोडला नाही.

मी नोकरीसाठी नांदेडला गेले. मामा निवृत्त झाले. कधीमधी पत्र येई. मराठीत. मग एका उन्हाळ्यात त्यांच्या धाकट्याचा निरोप आला, मामा झोपेत गेले. मला लगेच जाता आलं नाही. दोन महिन्यांनी परीक्षा घ्यायला औरंगाबादला आले तेव्हा पडेगावला गेले.

मामी दारात बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या. मी त्यांच्याजवळ उंबऱ्यावर बसले. मग त्या आपणहून म्हणाल्या, "तुमाला खोटं नाय सांगत. दहाव्याला जावेनं मिश्रीची डबी पुढं केली. म्हणली, लाव, जीव हलका व्हतो. लावली मी. दोन दिस लावली."

"मग?"

"तिसऱ्या दिशी सकाळी आपसूक दारात आले. तोंड उघडून उभी राह्यले." त्या थांबल्या. "मग ध्यानात आलं, बघायला कोन हाय? आत गेले, आरसा आणला, आन् माझं मीच बघितलं. डबी जावेला परत दिली."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला, उन्हाकडं तोंड फिरवलं आणि म्हणाल्या, "आता आल्याच तर तुमी बी बघून घ्या."

मी हात धुवून आले आणि पाहिलं. राहिलेले दात स्वच्छ होते. हिरडी आखडलेली होती, पण रंगानं गुलाबी. पुढच्या दाताशी बोटानं हलकंच दाबलं तर रक्ताचा एक बारीक ठिपका वर आला.

"आलं?" मामींनी विचारलं.

"थोडंसं. एका जागी."

"असू द्या," त्या म्हणाल्या. "दिसायलंय ना, मग बरंय."